टीम लीड झाले, पुढे काय काय झालं

फेब्रुवारीत आमच्या विभागातली टीम लीडची जागा रिकामी झाली आणि एचआरने ती आधी आतल्याच लोकांसाठी जाहीर केली. त्या जागेवर कायम झाल्याचं पत्र माझ्या हातात पडलं ते नोव्हेंबरच्या अखेरीस. मधल्या काळात नेतृत्वावर भाषणं आणि सुविचार हवे तेवढे वाचायला मिळाले. पण टीमच्या रजेचे अर्ज कुणाकडे जातात, रिकामी जागा भरायला काय काय लागतं, ज्याला हीच जागा हवी होती आणि मिळाली नाही त्याच्याशी पहिल्या दिवशी काय बोलायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

आमचं काम तक्रार निवारणाचं. ग्राहकाची तक्रार आली की तपासायची, पैसे परत द्यायचे, वस्तू बदलून द्यायची की नकार कळवायचा ते ठरवायचं आणि मुदतीच्या आत उत्तर पाठवायचं. मंजूर जागा मला धरून आठ, त्यातल्या दोन रिकाम्या.

अर्जाचा फॉर्म छोटा होता. मागच्या दोन वर्षांच्या कामाची रेटिंग, वरिष्ठांची ऑनलाइन संमती आणि ‘ही जागा का हवी’ यावर दहा ओळी. संमती देणारे सुट्टीवर असले की अर्ज तिथेच अडकतो, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी त्यांच्या कानावर घालून ठेवा. मार्चमध्ये मुलाखत झाली. समोर विभागप्रमुख, एचआर आणि दुसऱ्या विभागाच्या एक मॅनेजर. ‘टीमला प्रेरणा कशी द्याल’ असल्या प्रश्नांची तयारी करून गेले होते, त्यातलं काहीच विचारलं नाही. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला असा एक प्रसंग सांगा’ एवढं विचारलं आणि पुढचा बराच वेळ त्याच एका प्रसंगावर खोदून खोदून प्रश्न. तुम्ही नेमकं काय म्हणालात? ते काय म्हणाले? मग काय बदललं? तत्त्वं पाठ करण्यापेक्षा स्वतःचे चार-पाच प्रसंग तारखा आणि आकड्यांसकट आठवून कागदावर उतरवून नेलेले बरे.

नंतर जवळजवळ तीन आठवडे काहीच कळलं नाही. कॉफी मशीनपाशी सगळे नेहमीसारखं बोलत होते, पण मी आले की विषय बदलायचा. तो काळ मुलाखतीपेक्षा जड गेला.

मार्च संपता संपता मेल आला: १ एप्रिलपासून ‘प्रभारी टीम लीड’, सहा महिन्यांनी आढावा, प्रभारी भत्ता पुढच्या पगारापासून. पत्रात तीन गोष्टी नव्हत्या. आढावा कोण घेणार, कशाच्या आधारे घेणार, आणि कायम केलं नाही तर माझी जुनी जागा शिल्लक असेल का. मी एचआरला मेल करून तिन्ही विचारल्या. चांगली बातमी मिळालेल्या दिवशीच कटकट करतेय असं वाटून पाठवताना अवघडायला झालं. पण उत्तर लेखी आलं: आढावा विभागप्रमुख घेतील, तीन गोष्टी पाहिल्या जातील (मुदतीत दिलेली उत्तरं, चुकांचं प्रमाण, टीममधून किती जण सोडून गेले), आणि जुनी जागा सहा महिने राखून ठेवली जाईल. हा मेल ऑक्टोबरमध्ये फार उपयोगी पडला. प्रभारी पद घेणाऱ्या प्रत्येकाने हे तीन प्रश्न विचारावेतच.

एप्रिलची सुरुवात मात्र कारकुनी कामात गेली. पद बदललं तरी सिस्टीमला ते कळलेलं नसतं. टीमचे रजेचे अर्ज नोकरी सोडून गेलेल्या लीडच्या नावावर जात होते, म्हणजे कुणाकडेच जात नव्हते. एकीची रजा मंजूर न झाल्यामुळे बिनपगारी धरली जाणार होती, ती पगाराची कट-ऑफ तारीख यायच्या आदल्या दिवशी कशीबशी दुरुस्त झाली. पैसे परत देण्याच्या मंजुरीची माझी मर्यादाही जुनीच राहिली होती. तेव्हा पहिल्याच दिवशी तीन तिकिटं, म्हणजे सिस्टीमवर नोंदवायच्या विनंत्या, टाका: रिपोर्टिंग बदलण्यासाठी एचआरकडे, मंजुरीच्या मर्यादेसाठी फायनान्सकडे, आणि रिपोर्ट व फोल्डर दिसण्यासाठी आयटीकडे. प्रत्येकाला नियुक्तीचा मेल जोडा, नाहीतर ‘कुणाच्या परवानगीने?’ असं विचारत तिकीट परत येतं. हे नेतृत्व वगैरे नाही हे मलाही कळतं. पण वेळेवर मंजूर झालेली रजा लोक लक्षात ठेवतात.

आता अवघड भाग. या जागेसाठी आमच्याच टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यांनीही अर्ज केला होता. माझ्यापेक्षा वयाने आणि नोकरीने मोठे, मला काम शिकवलेले. टीमची पहिली मीटिंग घ्यायच्या आधी मी त्यांना एकट्यांना भेटले.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “मीही अर्ज केला होता, तुला माहीत असेलच.”

“माहीत आहे. म्हणूनच आधी तुमच्याशी बोलायचं होतं.”

“मग एक कर. मला वाईट वाटतंय का, हे दर दोन दिवसांनी विचारत बसू नकोस. वाटलंय वाईट. जाईल तेव्हा जाईल. काम सांग.”

मी तयार करून नेलेली वाक्यं तशीच राहिली. मग कामाचंच बोललो. टीममध्ये त्यांना काय खटकतं ते विचारलं, तर यादी तयारच होती. नियमात न बसणाऱ्या तक्रारी वरच्या मंजुरीसाठी पडून राहतात, ग्राहक चिडतो, आणि शेवटी निर्णय तोच होतो जो पहिल्या दिवशी आम्हाला दिसत होता. मी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी कुठलंही आश्वासन दिलं नाही. देण्यासारखा अधिकार तेव्हा माझ्याकडे नव्हताच.

बाकीच्यांशीही एकेकट्याने बोलायला सुरुवात केली. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकी अर्धा तास. पहिल्या फेरीत जवळपास सगळ्यांनी कामाचा अहवालच दिला, ‘एवढ्या बंद केल्या, एवढ्या बाकी’. तो तर मला स्क्रीनवर दिसतोच. म्हणून दुसऱ्या फेरीपासून अहवाल नको असं आधीच कळवलं आणि दोनच प्रश्न ठेवले: सध्या काय अडलंय, आणि त्यात मी काय करायला हवं. बोलकी माणसंसुद्धा दुसऱ्या प्रश्नाला थबकतात. थबकू द्यावं, मधली शांतता आपण भरायला जाऊ नये. ही भेट रद्द करायची वेळ आली तर मी त्याच आठवड्यातली दुसरी वेळ देत असे. वरून मीटिंग आली की सर्वांत आधी हीच भेट उडते, आणि समोरचा त्याचा अर्थ बरोबर लावतो.

मे महिन्यात कंपनीच्या नेतृत्व प्रशिक्षणासाठी नाव देण्याची मुदत होती. त्यासाठी एक फॉर्म, विभागप्रमुखांची शिफारस, प्रशिक्षण विभागाच्या बजेटमधून मंजुरी, आणि एक हमीपत्र: प्रशिक्षण संपल्यावर वर्षभराच्या आत नोकरी सोडली तर फी परत करावी लागेल. सही करण्यापूर्वी मी विचारून घेतलं की दुसऱ्या शाखेत बदली झाली तर हीच अट लागते का. लागत नाही म्हणाले, तेही मेलवर घेतलं. फी कंपनीने भरली. माझा खर्च वेळेचा होता, कारण वर्गात बसलेल्या दिवसांचं काम आपली वाट बघत साचून राहतं.

खरं सांगायचं तर प्रशिक्षणातला निम्मा भाग नसता तरी चाललं असतं. स्वभावानुसार माणसांना रंग वाटून देण्याचा एक दिवस होता. मजा आली. सोमवारी त्याचं काय करायचं ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही. उरलेल्या निम्म्यात दोन गोष्टी कामाच्या निघाल्या.

पहिली दोरी ओढण्याची. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली प्रसिद्ध केलेले आकडे दाखवले. दोघं मिळून दोरी ओढतात तेव्हा प्रत्येक जण एकट्याने लावतो त्याच्या सुमारे ९३ टक्केच जोर लावतो. आठ जण झाले की हे प्रमाण ४९ टक्क्यांवर येतं. काही जोर एकमेकांशी मेळ न बसल्यामुळे वाया जातो, हे उघड आहे. पण १९७४ साली संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे बाकीचेही ओढताहेत असं भासवून, प्रत्यक्षात एकट्यालाच ओढायला लावलं. तरीही जोर कमी पडला. ‘इतर आहेतच’ एवढ्या समजुतीनेच हात सैल होतो. मला लगेच आमची सामाईक इनबॉक्स आठवली. कठीण तक्रारी तिच्यात तळाला जायच्या, कारण त्या सगळ्यांच्या होत्या. जूनपासून आलेल्या प्रत्येक तक्रारीवर त्याच दिवशी एका माणसाचं नाव लागायला लागलं. मदत कुणाचीही घ्या, नाव एकाचं. दोन-तीन आठवडे कुरबुर झाली, पण तळाला साचणं थांबलं.

दुसरी गोष्ट थ्री-सिक्स्टी फीडबॅक. वरिष्ठ, बरोबरीचे आणि टीममधले, असे सगळे आपल्याबद्दल निनावी प्रश्नावली भरतात. वरिष्ठ सोडून प्रत्येक गटात किमान तीन जणांनी भरल्याशिवाय त्या गटाची उत्तरं दाखवत नाहीत, म्हणजे कोण काय म्हणालं ते ओळखता येऊ नये. टीम लहान असेल तर सगळ्यांनाच भरायला सांगा, नाहीतर तो रकाना रिकामाच येतो. अहवाल यायला महिना लागला. आकडे बरे होते. पण शेवटच्या मोकळ्या जागेत कुणीतरी लिहिलं होतं: ‘विचारलं की उत्तर लगेच मिळतं. पण दर वेळी विचारावं का लागतं?’

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी लिहिलं असेल याचे तर्कही मनात केले, आणि ते अजिबात करू नयेत असं आता सांगते, कारण दुसऱ्या दिवशी ज्या माणसावर संशय असतो त्याच्याशी आपण उगाच जास्त गोड वागायला लागतो. पण प्रश्न रास्त होता. मी कामं वाटून देत होते. निर्णय मात्र माझ्याच टेबलावर येत होते. तक्रार तपासणारा माणूस सगळा तपशील वाचून आलेला, आणि हो की नाही ते मी दोन मिनिटांत ठरवणार. पदाचा मान म्हणून ते वर्षानुवर्षं तसं चालत आलं होतं.

जुलैत आम्ही सगळ्यांनी बसून एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात आठवड्याभरात घ्यावे लागणारे निर्णय, अगदी बारीकसारीकसुद्धा. दुसऱ्यात तो कोण घेणार, तिसऱ्यात घेतल्यावर कुणाला कळवायचं. मला वाटलं होतं वाद पैशांच्या निर्णयांवरून होतील. झाले ते शिफ्टच्या अदलाबदलीवरून. दोघांनी आपसात बदल केला तर मला विचारायचं की नुसतं कळवायचं, यावर जवळजवळ तासभर गेला, आणि त्यातून मागच्या दोन वर्षांची साठलेली खुन्नस बाहेर आली. शेवटी ठरलं: आपसात बदला, आदल्या संध्याकाळपर्यंत रोस्टरवर टाका, विचारायची गरज नाही.

नियमाबाहेरच्या तक्रारींचा निर्णय त्या अनुभवी सहकाऱ्यांकडे द्यावा, एका ठरावीक रकमेपर्यंत, असं मी सुचवलं. त्यासाठी विभागप्रमुख आणि फायनान्स दोघांची लेखी मंजुरी लागली. फायनान्सने विचारलं, “चूक झाली तर जबाबदार कोण?” मी माझं नाव लिहून दिलं. लिहून देताना पोटात गोळा आला होता. सप्टेंबरपर्यंतच्या प्रायोगिक मुदतीवर मंजुरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घेतलेला एक निर्णय मला पटला नाही. मी तो बदलला नाही. निर्णय दिला की त्यातला न पटणाराही दिलेला असतो, तक्त्याचा अर्थच तो. महिन्याच्या शेवटी आम्ही त्यांचे सगळे निर्णय एकत्र बघितले, त्यावर चर्चा झाली, दोन ठिकाणी पुढच्यासाठी निकष बदलले. त्यातला एक माझ्या मताविरुद्ध बदलला.

दरम्यान भरती चालू होती, किंवा चालू आहे असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे रिकामी झालेली जागा नव्वद दिवसांत भरायला घेतली नाही तर ती रद्द होते आणि नवी जागा मागितल्यासारखी पुन्हा मंजुरी लागते. दोनपैकी एक माझ्या आधीच रद्द झाली होती. तिच्यासाठी कामाचा ताण दाखवणारे सहा महिन्यांचे आकडे, विभागप्रमुख, फायनान्स, मग एचआर, असा प्रवास. मे महिन्यात पाठवलेला अर्ज जुलैत मंजूर झाला. दुसरी जागा दुसऱ्या विभागातून बदलीने तेव्हाच भरली गेली. मंजूर झालेल्या जागेसाठी निवडलेल्या उमेदवाराने होकार देऊन रुजू व्हायच्या आठवड्यात नकार कळवला. यादीतली दुसरी उमेदवार नोटीस पिरियड संपवून सप्टेंबरच्या शेवटी आली. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला लगेच नकार कळवायची घाई करू नका, आणि तिला ताटकळतही ठेवू नका. मी ‘तुमचं नाव राखीव आहे, या तारखेपर्यंत कळवू’ असं एचआरकडून स्पष्ट सांगायला लावलं होतं.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले. नावं-पत्ते काढून दोन खऱ्या तक्रारी वाचायला दिल्या आणि निर्णय लिहायला सांगितलं. आम्ही तिघांनी गुण आपापसात बोलण्याआधीच लिहून ठेवले. आधी बोललं की सर्वांत मोठ्या पदाच्या माणसाचं मत सगळ्यांचं होतं.

माणसं वाढली की काम हलकं होईल अशी माझी अपेक्षा होती. सहा जणांत जोड्या होतात पंधरा. आठ जणांत अठ्ठावीस. नुसती दोन माणसं वाढली तरी ‘हे मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायच्या जागा जवळपास दुप्पट होतात. ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली गटांचे टप्पे मांडले होते: जमणं, भांडणं, घडी बसणं आणि मग काम होणं. प्रशिक्षणात ते जिन्यासारखे दाखवतात, चढलात की वरच. आमच्याकडे नवी मुलगी आली आणि बसलेली घडी पुन्हा मोडली. तक्ता तिच्यासमोर ठेवला तेव्हा तिने विचारलं, “मॅडम, यात माझं नाव कुठेच नाहीये?” तो त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून पुन्हा लिहिला.

ऑगस्टपासून दर शुक्रवारी अर्धा तास चुकांची बैठक घेत होतो. आठवड्यात स्वतःची एखादी चूक सापडली तर सांगायची, कशी झाली आणि पुढे कशी अडवायची एवढंच बोलायचं, नाव इतिवृत्तात नाही. सुरुवातीला कुणी बोलेना. मग अनुभवी सहकाऱ्यांनी एका चुकीच्या खात्यात गेलेल्या परताव्याचं सांगितलं, त्यानंतर बाकीचे बोलू लागले. परिणाम असा की सप्टेंबरच्या अहवालात आमच्या चुका वाढलेल्या दिसल्या. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं.

इथे वाचलेलं कामी आलं. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. निघाल्या उलट जास्त, कारण तिथे लोक चुका दडवत नव्हते. पण नुसतं हे सांगून भागलं नसतं. मी आकडे दोन भागांत मांडून नेले: आम्ही स्वतः पकडलेल्या चुका आणि ग्राहकाने दाखवून दिलेल्या चुका. पहिल्या वाढल्या होत्या, दुसऱ्या कमी झाल्या होत्या. सरांनी बराच वेळ तक्ता पाहिला आणि म्हणाले, “पुढच्या वेळी आधीच असा पाठवा.” आढाव्याच्या तीन निकषांत ‘चुकांचं प्रमाण’ होतं, त्यामुळे कुठल्या चुका मोजायच्या तेही तेव्हाच मेलवर ठरवून घेतलं.

ऑक्टोबरमध्ये सहामाही रेटिंग. लीड रेटिंग देतो, पण मग सगळ्या लीडना एका खोलीत बसवून ती जुळवली जातात, वरच्या श्रेणीत किती जण बसवायचे ते आधीच ठरलेलं असतं. माझ्या टीममधल्या दोघांना वरची श्रेणी मिळावी असं मला वाटत होतं, एकाचीच टिकली. दुसरीला सांगताना काय बोलायचं ते आदल्या रात्री लिहून काढलं. प्रसंग, त्यातलं वागणं, त्याचा परिणाम, हा सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकन संस्थेचा फीडबॅकचा साचा तिथे उपयोगी पडला, कारण ‘तू छान काम करतेस’ असलं गुळगुळीत काही ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती. मी कुठल्या श्रेणीसाठी भांडले आणि काय निकाल लागला ते सांगितलं. दुसऱ्या टीमच्या कुणाशी तुलना झाली ते सांगितलं नाही. ती रागावली. तिच्या जागी मीही रागावले असते. पुढच्या वेळेसाठी मी आता प्रत्येकाच्या ठळक कामाच्या दोन-दोन ओळी दर महिन्याला लिहून ठेवते, कारण त्या खोलीत ज्याच्याकडे तारीख आणि आकडा असतो त्याचंच ऐकलं जातं.

माझा स्वतःचा आढावा ऑक्टोबरच्या मध्यात झाला, वीस मिनिटांत. एप्रिलचा तो मेल आणि तीन निकषांचे आकडे मी एका पानावर नेले होते. निकाल तोंडी लगेच मिळाला, पत्र मात्र नोव्हेंबरच्या अखेरीस. मधल्या काळात प्रभारी भत्ता बंद झाला आणि नवा पगार सुरू झाला नव्हता, कारण सिस्टीमच्या लेखी मी तेव्हा दोन्ही पदांवर नव्हते. पत्र आलं की पद आणि पगार बघण्याआधी ‘कधीपासून लागू’ ही तारीख बघा. माझ्या पत्रात ती पत्र दिल्याचीच तारीख होती. सहा महिने पूर्ण झाल्याच्या तारखेपासून लागू करण्याची विनंती एचआरला पाठवली, ती मान्य झाली, आणि फरकाची रक्कम पुढच्या पगारात येईल असं कळवलंय. नियमाबाहेरच्या तक्रारींची प्रायोगिक मंजुरीही आता वर्षभराची झाली आहे, फक्त रकमेची मर्यादा वाढवायचा अर्ज फायनान्सकडे अजून पडून आहे.